टीपी-लिंक आर्चर सी६: पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय पाहिजे म्हणून घेतला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा स्पीडचा रिव्ह्यू नाही. किती एमबीपीएस येतात, गेमिंगला कसा आहे, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी हा राउटर घेतला तो एकाच सोयीसाठी, गेस्ट नेटवर्कसाठी, आणि त्या एका कामात तो कसा आहे हे मराठीत नीट लिहिलेलं मला कुठेच सापडलं नाही म्हणून लिहितेय.

आमचं घर कुडाळजवळ, वाडीत, जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. मी घरून अकाउंट्सचं आणि जीएसटीचं काम करते, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर आणि नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कवर लोकांची खरेदी-विक्रीची बिलं, पॅन, बँक स्टेटमेंट असलं सगळं पडलेलं असतं. आणि चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी आले की बॅगा खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "वैनी, वायफायचो पासवर्ड काय?" आता घरच्या माणसाला नाही कसं म्हणणार, आणि का म्हणायचं, त्यांना पण घरून ऑफिसचे कॉल घ्यायचे असतात, पोरांचे ऑनलाइन क्लास असतात, परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची असते. पण पासवर्ड एकाला दिला की तो पुढे सगळ्या वाडीत जातो, कारण ॲंड्रॉइडमध्ये आता सेटिंगमधूनच क्यूआर दाखवून दुसऱ्याला जोडून देता येतं, पासवर्ड पाठ असायची गरजच नाही. विसर्जन झालं, माणसं परत गेली, तरी आपलं वायफाय कुठल्या कुठल्या फोनमध्ये राहतं त्याचा पत्ता लागत नाही. मग पासवर्ड बदलायचा म्हणजे टीव्ही, प्रिंटर, इन्व्हर्टर, कॅमेरा, सासऱ्यांचा फोन, सगळीकडे परत टाकत बसा.

बरं, नुसतं नेट वापरलं तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. खरी गोष्ट ही की एकाच वायफायवर असलेली सगळी उपकरणं एकमेकांना दिसतात. दुपारी बाबा टीव्हीवर बातम्या बघत बसलेले असताना मध्येच कुणाच्या तरी फोनमधलं गाणं सुरू व्हायचं, पोरं काही मुद्दाम करत नव्हती, यूट्यूबवर तो कास्टचा चौकोन दिसतो त्याला बोट लागलं की संपलं. टीव्हीचं हसण्यावारी नेता येतं. पण ज्या फोनला टीव्ही दिसतो त्याला प्रिंटर पण दिसतो आणि माझी हार्डडिस्क पण दिसते, आणि पाहुण्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याच्या फोनमध्ये कुठून कुठून डाउनलोड केलेली ॲप्स काय करतात हे त्याला तरी कुठे माहीत असतं. लोकांनी माझ्यावर विश्वासाने कागद सोपवलेत, ते मला सांभाळायलाच हवेत.

आता मुद्द्याचं. आमच्या इंटरनेटवाल्याने फायबरबरोबर जो डबा दिलाय, म्हणजे ओएनटी, त्यातच वायफाय आहे. त्याला फोन करून सांगितलं की पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क हवं, तर त्यांचा माणूस आला, दोन मिनिटांत त्यात एसएसआयडी-२, म्हणजे वायफायचं दुसरं नाव, चालू केला, नवीन नाव, नवीन पासवर्ड, "झालं तुमचं गेस्ट" म्हणून चहा पिऊन गेला. मी फोन त्या नव्या नावावर जोडला आणि फिंग नावाचं ॲप लावलं, ते नेटवर्कवर कोण कोण आहे त्याची यादी काढून देतं. यादीत प्रिंटर हजर, टीव्ही हजर, हार्डडिस्क हजर! नाव दोन झाली होती, नेटवर्क एकच होतं. हे नीट वाचा कारण खूप घरांत हेच झालेलं असतं आणि लोक निश्चिंत असतात. ओएनटीमध्ये एसएसआयडी-१ ते ४ असतात ती नुसती चार नावं, ती आपोआप एकमेकांपासून वेगळी होत नाहीत. काही ओएनटींमध्ये आयसोलेशन नावाची वेगळी सेटिंग असते ती चालू करावी लागते, आमच्या डब्यात ती आमच्या लॉगिनला दिसतच नव्हती.

दुसरा एक सल्ला सगळे देतात, जुना राउटर पडलाय ना घरात, तो ओएनटीच्या मागे लावा आणि पाहुण्यांना त्याच्यावर सोडा, फुकटात काम. हे उलटं आहे. मागच्या राउटरवर असलेला माणूस पुढच्या नेटवर्कमध्ये जाऊ शकतो, कारण त्याचं सगळं ट्रॅफिक बाहेर जातं तेच मुळी पुढच्या नेटवर्कमधून. पुढचा माणूस मात्र मागे सहजासहजी येऊ शकत नाही, मध्ये मागच्या राउटरचं नॅट (आतली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्यामागे लपवणारी सोय) आणि फायरवॉल असते. म्हणजे जुनाच राउटर वापरायचा असेल तर घरचे मागे आणि पाहुणे पुढे, ओएनटीच्या वायफायवर, असं करायला हवं. चालतं हे, पण मग घरच्यांचं सगळं त्या जुन्या राउटरवर येतं, आणि आमचा जुना इतका म्हातारा होता की त्याला फर्मवेअर, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट येणं कधीच बंद झालेलं. म्हणून नवीन.

आर्चर सी६ घेतला कारण अडीच-तीन हजारांच्या घरात मिळतो, पोर्ट सगळे गिगाबिट आहेत (स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांना १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात, बॉक्सवर मोठं एसी१२००, म्हणजे वायफायच्या वेगाचा आकडा, लिहिलेलं असलं तरी, ते बघून घ्या), दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) आहेत, आणि गेस्ट नेटवर्क दोन्ही बँडवर वेगवेगळं चालू-बंद करता येतं. हे शेवटचं पुढे फार कामाला आलं.

लावायला सोपं आहे. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल काढून याच्या वॅन पोर्टमध्ये (जिथून नेट आत येतं तो), आणि मोड राउटरच ठेवायचा. इथे एक गोष्ट, इन्स्टॉल करणारी मंडळी सवयीने ॲक्सेस पॉइंट मोडला टाकतात, कारण मग कटकट कमी. पण त्या मोडमध्ये आयपी, म्हणजे उपकरणांचे नेटवर्कवरचे पत्ते, वाटायचं काम ओएनटी करतो आणि राउटर नुसता वायफाय पसरवतो, त्यामुळे पाहुण्यांना वेगळं ठेवायची सोय बऱ्याच राउटरांत लंगडी पडते. डबल नॅट (ओएनटीचं एक, राउटरचं एक) होतं अशी भीती घालतात, होतं की, पण घरच्या साध्या वापरात, व्हिडिओ कॉल, जीएसटी पोर्टल, ओटीटी, कशालाही त्याचा त्रास नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना किंवा बाहेरून घरातल्या मशीनला जोडणाऱ्यांना होऊ शकतो, त्यांनी इंटरनेटवाल्याला सांगून ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे तो नुसतं नेट पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) करून घ्यावा आणि पीपीपीओईचा, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड मागून घ्यावा.

मग टीपी-लिंकचं टेथर ॲप किंवा ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१, तिथे गेस्ट नेटवर्क. नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा, आणि त्या पानावर दोन टिक आहेत, सगळा रिव्ह्यू खरं तर या दोन टिकांचाच आहे. एक, पाहुण्यांनी एकमेकांना बघू द्यायचं का. दोन, पाहुण्यांना घरच्या लोकल नेटवर्कमध्ये येऊ द्यायचं का. दोन्ही रिकामे ठेवायचे. बस. आलेला माणूस पडवीत बसतो, चहापाणी सगळं तिथेच मिळतं, माजघरात जायची त्याला गरज पडत नाही, तसं आहे हे, म्हणून मी गेस्ट वायफायचं नाव पण पडवीच ठेवलंय. रोमन अक्षरांत ठेवलं, कारण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एक अक्षर, एक मात्रा, प्रत्येकी ३ बाइट खाते, शिवाय काही जुन्या फोनवर देवनागरी नावाच्या जागी नुसती गिचमीड दिसते.

चालू केल्यावर परत तेच फिंग. फोन गेस्टवर, स्कॅन, आणि यादीत टीव्ही नाही, प्रिंटर नाही, काही नाही. मग ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी हाताने टाकून बघितला, उघडला नाही. हार्डडिस्कचा टाकला, नाही उघडला. राउटरचं स्वतःचं सेटिंगचं पान, ते पण नाही. एकदम समाधान वाटलं. तुम्ही कुठलाही राउटर घ्या, ही टेस्ट स्वतः करा, डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

आणि एक टेस्ट लोक करतच नाहीत. गेस्टवर असतानाच ओएनटीचा आयपी टाकून बघा, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो. उघडतो! आमच्याकडेही उघडला. यात आर्चरचा दोष नाही, गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना आर्चरच्या आतल्या बाजूपासून तोडतं, पण ओएनटी आहे बाहेरच्या बाजूला, इंटरनेटच्या वाटेवर, तिकडे जायला तर सगळ्यांनाच मोकळीक हवी. म्हणजे ओएनटीचं लॉगिन अजून ॲडमिन-ॲडमिन असेल तर गेस्टवरचा कुणीही चुणचुणीत पोरगा तिथून सगळ्या घराचं नेट बंद करू शकतो. ओएनटीचा पासवर्ड बदला, आणि त्याचं स्वतःचं वायफाय बंदच करून टाका, आता त्याचं काम नाही.

गेस्टचा पासवर्ड ठेवायचा की नाही यावर आमच्याकडे चर्चा झाली. दिरांचं म्हणणं, वाडीत कोण येतंय बाहेरचं, ओपन सोडा, विचारायला तरी कुणी येणार नाही. मी ठाम नाही म्हटलं. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी जी धमकीची ईमेल आली होती तिचा माग नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन माणसाच्या घरच्या वायफायपर्यंत लागला होता, आणि त्याला एटीएसच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं होतं. गेस्ट नेटवर्क आत वेगळं असलं तरी बाहेर जाताना ते तुमच्याच कनेक्शनने जातं, तुमच्याच नावावरच्या आयपीने. तेव्हा नो सिक्युरिटी हा पर्याय दिसला तरी त्याला हात लावू नका. डब्ल्यूपीए२ ला (वायफायला कुलूप घालायची पद्धत) पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरी लागतो पण ८ वर थांबू नका, तीन-चार मराठी शब्द रोमनमध्ये जोडून लिहा, लांब पण होतो आणि काकूंना फोनवर सांगता पण येतो. अंकांची आणि चिन्हांची खिचडी केली की स्पेलिंग सांगण्यातच सकाळ जाते.

आम्ही क्यूआर करून, प्रिंट काढून, लॅमिनेट करून पडवीतल्या खांबाला लावलाय. ॲंड्रॉइड असो की आयफोन, कॅमेरा धरला की जोडलं जातं. फक्त एक लक्षात ठेवा, त्या क्यूआरमध्ये नाव आणि पासवर्ड साध्या मजकुरात असतात, लपवलेलं काही नसतं, त्यामुळे कुठल्याही अनोळखी साइटवर पासवर्ड टाइप करून क्यूआर बनवू नका, फोन गेस्टला जोडा आणि फोनच्याच शेअर पर्यायातून काढा, स्क्रीनशॉट घ्या, प्रिंट मारा. आणि मेन वायफायचा क्यूआर चुकूनही भिंतीवर नको.

रेंजबद्दल. जांभ्याची भिंत दीड फुटाची, ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे गेलं की मान टाकतं. पडवीत २.४ व्यवस्थित येतं, अंगणात मांडवापर्यंत पण येतं. गावाकडे एक फायदा आहे, शेजारचं घर लांब, त्यामुळे २.४ वर गर्दी नाही, पुण्याच्या सोसायटीत वीस-पंचवीस वायफाय एकमेकांच्या छातीवर बसलेले असतात तिथे हेच २.४ रडतं. तुम्ही फ्लॅटमध्ये असाल तर गेस्ट ५ वर ठेवा, हॉलमध्ये बसणाऱ्याला तेवढं पुरतं. राउटर आम्ही माळ्याच्या खाली, माजघर आणि पडवीच्या मधल्या दाराच्या वर ठेवलाय, दारातून जेवढं जातं तेवढं भिंतीतून जात नाही.

आता जे जमत नाही ते. गेस्टवरून टीव्हीला कास्ट होत नाही, होणारच नाही, त्यासाठीच तर हे केलं, पण पुतण्यांना रात्री लग्नाचे फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवायचे असतात आणि मग "काकी, टीव्ही दिसत नाय". आम्ही ठरवलंय की फोटो सासऱ्यांच्या फोनवर पाठवायचे आणि तिथून कास्ट करायचे, त्यांनाही बरं वाटतं, रिमोट त्यांच्याकडेच राहतो. प्रिंटचंही तेच, बोर्डिंग पास असो की रेल्वेचं तिकीट, मला व्हॉट्सॲप करा, मी काढून देते. तेवढ्यासाठी लोकल नेटवर्कची टिक लावू नका, एकदा लावली की ती काढायची कुणाच्या लक्षात राहत नाही.

गेस्ट नेटवर्कवर स्पीडची वेगळी लगाम नाही, एका वेळी पाच जण आरतीचा व्हिडिओ अपलोड करायला बसले की माझा कॉल अडखळतो. वेगळं नेटवर्क म्हणजे वेगळी लाइन नव्हे, लाइन तीच. यावर क्यूओएस (कुठल्या उपकरणाला आधी नेट द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) चालू करून माझ्या लॅपटॉपला प्रायॉरिटी दिली, बरंच सुधारलं. आसुसच्या राउटरांमध्ये गेस्टला वेळेची मर्यादा घालता येते, ठरावीक तासांनी आपोआप बंद, तसं काही इथे असतं तर मला आवडलं असतं.

अंगणातला कॅमेरा कुठे ठेवायचा हा विचार करायला लावणारा भाग. कॅमेरा, स्मार्ट बल्ब असल्या वस्तू गेस्टवर टाका असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, त्यांचा आतल्या लॅपटॉपशी काय संबंध. पाहुण्यांनी एकमेकांना बघायची टिक काढलेली असल्याने कॅमेरा पाहुण्यांनाही दिसत नाही. पण विसर्जनानंतर मी गेस्ट बंद करते, तेव्हा कॅमेराही बंद होणार! इथे ती दोन बँडवर वेगळ्या गेस्टची सोय कामी येते. २.४ चा गेस्ट कायम चालू, वेगळं नाव, त्यावर फक्त कॅमेरा आणि बल्ब, असले स्वस्त कॅमेरे तसेही २.४ वरच चालतात. आणि ५ चा गेस्ट पाहुण्यांना, हवा तेव्हा. आमच्या भिंतींमुळे हे नीट बसत नव्हतं, म्हणून शेवटी कॅमेराच मेनवर घेतला आणि २.४ पडवीला दिलं. तुमच्या भिंती विटेच्या असतील तर पहिला मार्ग घ्या.

ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांची मुलं आहेत त्यांनी हे वाचाच. पॅरेंटल कंट्रोल उपकरणाच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकावर, चालतं, आणि ॲंड्रॉइड १० पासून, आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवतात. म्हणजे मेनवर रात्री नऊला बंद होणारा पोराचा फोन गेस्टवर गेला की राउटरला तो कुणी नवाच पाहुणा वाटतो आणि नेट सुरू. क्यूआर तर खांबावर आहेच. त्यामुळे पाहुणे नसताना गेस्ट बंद ठेवणं हे सुरक्षेइतकंच घरातल्या शिस्तीसाठीही लागतं, आणि ते टेथरमधून झोपल्या जागी करता येतं, ही या राउटरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मेनचा पासवर्ड मी राउटर लावला तेव्हा ठेवला तोच आहे, कुणाला सांगायची वेळ आली नाही, कुणाला नाही म्हणायचीही आली नाही.

सी६ हा वायफाय ५ चा राउटर आहे, तुमचा प्लॅन ३०० एमबीपीएसच्या वरचा असेल आणि घरात नवे फोन असतील तर थोडे पैसे जास्त घालून वायफाय ६ चं मॉडेल बघा, गेस्टची सोय त्यातही असते. १०० च्या प्लॅनला सी६ भरपूर झाला. लाइट जाते तिथे बारका राउटर यूपीएस घ्या, अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून, आणि त्यावर ओएनटी आणि राउटर दोन्ही चालतील असा घ्या, एकच चालला तर उपयोग नाही. आणि पैसे खर्च करायच्या आधी एकदा तुमच्या ओएनटीच्या सेटिंगमध्ये गेस्ट किंवा आयसोलेशन शोधा, असेल तर चालू करा, दुसऱ्या फोनवरून फिंग लावा, प्रिंटर दिसला नाही तर राउटर घ्यायची गरजच नाही, आहे तेच वापरा.